किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर आत: हेलीनचा वारा अंदाजाबाहेरचा होता का?

27 सप्टेंबर 2024 च्या पहाटे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहरात वाऱ्याचा झोत ताशी 132 किलोमीटरवर गेला. ऑगस्टा काही समुद्रकाठचं शहर नाही. अटलांटिकचा किनारा तिथून जवळपास दोनशे किलोमीटरवर आहे. हेलीन हे हरिकेन, म्हणजे अटलांटिक भागातलं मोठं चक्रीवादळ, तर मेक्सिकोच्या आखातातून आलं आणि फ्लोरिडातल्या पेरी गावाजवळ जमिनीवर चढलं. तिथून ऑगस्टा सुमारे चारशे किलोमीटर. आपल्या नकाशावर हे अंतर अलिबाग ते लातूर एवढं भरतं. शहरभर जुने ओक मुळासकट उन्मळून पडले, घरांवर पडले, तारांवर पडले, आणि कित्येक दिवस वीज आली नाही.

अशा प्रत्येक वादळानंतर एकच प्रश्न येतो: हवामान खात्याचा अंदाज चुकला का? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: आमच्याकडे एवढं कधी झालं होतं का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरं शोधताना लोक हमखास भलत्याच दोन आकड्यांची तुलना करतात. हेलीनच्या बाबतीत माझं मत आधीच सांगून टाकतो. वाऱ्याचा अंदाज बराचसा बरोबर होता. त्या अंदाजातल्या शब्दांचा अर्थ मात्र आतल्या भागातल्या लोकांपर्यंत पोचला नाही, आणि जुन्या वादळांच्या आठवणींनी त्यांना चुकीचा धीर दिला.

बातमीतला आकडा नेमका कशाचा?

हेलीन 26 सप्टेंबरला रात्री 11 वाजून 10 मिनिटांनी धडकलं तेव्हा बातम्यांमध्ये आकडा होता ताशी 225 किलोमीटर, श्रेणी चार (वाऱ्याच्या वेगावरून हरिकेनच्या एक ते पाच श्रेणी करतात, पाच सर्वांत तीव्र). हा आकडा म्हणजे त्या अख्ख्या वादळात जिथे वारा सर्वांत जोराचा आहे, त्या एका जागचा, जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा, एका मिनिटाच्या सरासरीचा वेग. ती जागा लहान असते. वादळाच्या डोळ्याभोवती ढगांची जी भिंत असते तिच्यात, बहुधा उजव्या बाजूला, थोड्याच किलोमीटरच्या पट्ट्यात. तिथे वारा मोजणारं यंत्र असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतंच. पेरीच्या विमानतळावर नोंदलेला सर्वांत मोठा झोत ताशी 160 किलोमीटरच्या आसपास होता. वादळ ज्या गावाजवळ धडकलं तिथल्या यंत्रालाच 225 दिसला नाही, मग चारशे किलोमीटर आतल्या शहरानं तो आकडा मनात धरून बसण्यात अर्थ नव्हता.

दुसरी गोष्ट झोताची. वाऱ्याचा वेग दोन तऱ्हांनी सांगतात: सलग वाहणारा वारा आणि मध्येच येणारा झोत. झोत म्हणजे दोन-तीन सेकंदांचा तडाखा. समुद्रावर पृष्ठभाग त्यामानाने गुळगुळीत असतो, तिथे झोत सलग वाऱ्यापेक्षा साधारण 20 ते 25 टक्क्यांनी जास्त असतात. जमिनीवर झाडं, घरं, टेकड्या वाऱ्याला अडवतात, त्यामुळे सरासरी वेग झपाट्यानं खाली येतो. पण दोन-तीनशे मीटर वरचा वारा अजून जोरातच असतो. खालच्या अडथळ्यांमुळे हवा घुसळली जाते आणि त्या घुसळणीत वरचा जोरकस वारा मधूनमधून खाली आपटतो. म्हणून जमिनीवर झोत सलग वाऱ्याच्या दीडपट किंवा त्याहूनही जास्त असू शकतात.

यातून एक गोष्ट निघते, आणि आतल्या भागासाठी माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. वादळ आत शिरलं की सलग वारा लवकर पडतो, झोत मात्र त्या मानाने उशिरा पडतात. झाड पाडायला तर एक झोत पुरतो.

अमेरिकेचे आकडे आपल्याकडच्या आकड्यांशी ताडून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र एका मिनिटाची सरासरी धरतं, भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची, आणि जगातले बरेच देश दहा मिनिटांची. सरासरीचा काळ जितका लांब तितका आकडा थोडा लहान येतो. तेव्हा अमेरिकेतलं 120 आणि आपल्याकडचं 120 एकाच मापाचं नाही.

सात तासांचा हिशेब

हरिकेनचं इंधन म्हणजे गरम समुद्रावरून उठणारी वाफ. जमिनीवर आलं की ते तुटतं, आणि शिवाय घर्षण सुरू होतं. मग वारा किती वेगानं उतरतो? जॉन काप्लान आणि मार्क डीमारिया या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1995 मध्ये यासाठी एक साधं सूत्र मांडलं. ते आजही उपयोगी पडतं, आणि कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही सोडवता येतं.

वादळ जमिनीवर चढताच वेग सुमारे दहा टक्के खाली धरायचा. हेलीनचे 225 मग साधारण 202 होतात. त्यातले तळाचे 50 बाजूला ठेवायचे, कारण तेवढा वारा बराच काळ टिकून राहतो. उरले 152. हा जास्तीचा जोर साधारण सात तासांनी निम्मा होतो, आणखी सात तासांनी त्याच्या निम्मा. म्हणजे सात तासांनी 76 अधिक 50, ताशी 126 किलोमीटर.

इथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की सूत्रात अंतर कुठेच नाही. आहे तो फक्त वेळ. वादळ सात तासांत किती आत पोचलं हे त्याच्या स्वतःच्या चालीवर ठरतं. ताशी 16 किलोमीटरनं रेंगाळणारं वादळ तेवढ्या वेळात 112 किलोमीटर आत येईल. ताशी 48 किलोमीटरनं धावणारं 336 किलोमीटर आत पोचलेलं असेल, आणि दोघांच्याही अंगात तेव्हा सारखाच जोर शिल्लक असेल. हेलीन धडकतानाच ताशी 40 किलोमीटरच्या जवळपास वेगानं चाललं होतं आणि जॉर्जियात शिरल्यावर आणखी वेगात आलं. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या माणसानं वादळाची श्रेणी पाहण्याआधी त्याची चाल पाहावी, असं म्हणण्याचं कारण हेच.

आता सूत्र आणि प्रत्यक्ष यांची गाठ घालू. धडकल्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे पहाटे पाच वाजता, सूत्रानुसार वारा 135 च्या आसपास असायला हवा होता. हरिकेन केंद्राच्या पाच वाजताच्या पत्रकात आकडा होता 110. म्हणजे वादळ सूत्रापेक्षा थोडं जास्तच लवकर उतरलं. सलग 110 च्या वादळात 132 चा झोत ही मुळीच अचंब्याची गोष्ट नाही. त्याआधीच्या तासांत, अजून दक्षिणेला, जॉर्जियातल्याच अल्मा या छोट्या गावात ताशी 160 किलोमीटरचा झोत नोंदला गेला होता. आकड्यांपुरतं बोलायचं तर हेलीननं आपल्या प्रकृतीबाहेर जाऊन काहीच केलं नाही.

मग फटका एवढा का बसला?

उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं. त्यामुळे वादळ ज्या दिशेनं चाललंय तिकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताकडचा वारा आणि वादळाची चाल एकाच दिशेला असतात, दोन्हींची बेरीज होते. डावीकडे वजाबाकी. हेलीनसारख्या वेगानं धावणाऱ्या वादळात हा फरक फार मोठा होतो. महाराष्ट्रानं हे 3 जून 2020 ला पाहिलं आहे. निसर्ग चक्रीवादळ ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वाऱ्यानिशी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि ईशान्येकडे निघालं. उजवी बाजू दक्षिणेला आली. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली इथल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. मुंबई डावीकडे राहिली आणि बरीचशी वाचली. तेव्हाही मुंबईत बसून अनेकजण 'अंदाज फुकट गेला' म्हणत होते, आणि त्याच वेळी दापोलीत घरांची कौलं आणि पत्रे उडालेले होते.

हेलीनमध्ये हीच वाटणी अटलांटा आणि ऑगस्टा यांच्यात झाली. वादळाचं केंद्र अटलांटाच्या पूर्वेकडून गेलं. अटलांटा डावीकडे पडलं. तिथे 48 तासांत 280 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, 1878 पासूनच्या नोंदींतला तो उच्चांक ठरला, पण वाऱ्याचा खरा तडाखा चुकला. ऑगस्टा उजवीकडे सापडलं. अटलांटा परिसरात मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यापैकी कोणी 'आमच्याकडे वारा फारसा नव्हता' म्हणालं असेल तर ते खरंच होतं. दोन-अडीच तासांच्या मोटारप्रवासावर असलेल्या ऑगस्टातल्या माणसाचा अनुभवही तितकाच खरा होता.

वादळाच्या मार्गाचा अंदाज जो शंकूच्या आकारात दाखवतात, तो इथे मुळातून समजून घ्यायला हवा. शंकू सांगतो फक्त केंद्र कुठून जाण्याची शक्यता आहे ते. गेल्या पाच वर्षांतल्या चुका पाहून त्याची रुंदी ठरते, अशी की तीनपैकी साधारण दोन वेळा केंद्र आत राहावं. 2024 मध्ये चोवीस तास पुढच्या अंदाजासाठी शंकूची त्रिज्या साधारण 75 किलोमीटर होती. शंकूच्या बाहेर वारा नसतो असा त्याचा अर्थ मुळीच नाही. हेलीनचा मोठा वारा केंद्रापासून एका बाजूला जवळपास पाचशे किलोमीटरपर्यंत पसरलेला होता. केंद्र चाळीस-पन्नास किलोमीटर इकडेतिकडे सरकणं ही अंदाजाच्या दृष्टीनं किरकोळ चूक. पण तेवढ्यानं एखादं शहर डावीकडून उजवीकडे जातं.

आणि इशाऱ्याचा शब्द. धडकण्याच्या वेळी संपूर्ण जॉर्जिया राज्य कोणत्या ना कोणत्या इशाऱ्याखाली होतं. दक्षिणेकडच्या भागाला हरिकेनचा इशारा, ऑगस्टासह उरलेल्या भागाला ट्रॉपिकल स्टॉर्मचा. 'ट्रॉपिकल स्टॉर्म' ही हरिकेनच्या खालची पायरी: सलग वारा ताशी 63 ते 118 किलोमीटर. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, हरिकेन नाही, म्हणजे जपून राहिलं तरी पुरे. पण ही पायरी सलग वाऱ्यावर बेतलेली आहे. सलग 90 चा वारा जमिनीवर 135 चे झोत सहज देऊ शकतो, आणि तो इशारा तंतोतंत खरा ठरतो. ऑगस्टाचा 132 चा झोत ट्रॉपिकल स्टॉर्मच्या इशाऱ्यात बसणाराच होता. हेलीनच्या आधी हरिकेन केंद्रानं आपल्या पत्रकांत वादळाच्या वेगामुळे जोराचे झोत खूप आतपर्यंत, दक्षिण ॲपलाचियन डोंगरांच्या माथ्यांपर्यंत जातील असं लिहिलंही होतं. त्या डोंगरातल्या माउंट मिचेलवर, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या सर्वांत उंच शिखरावर, 170 च्या पुढचा झोत नोंदला गेला.

2024 च्या ऑगस्टमध्येच या केंद्रानं प्रायोगिक म्हणून एक नवा नकाशा सुरू केला होता. आधीच्या नकाशात इशारे फक्त किनाऱ्याच्या रेषेवर रंगवलेले असत, आतला प्रदेश कोरा दिसे. नव्या नकाशात आतल्या जिल्ह्यांवरही इशाऱ्यांचे रंग आले. सुधारणा योग्यच होती, फक्त ती लोकांच्या नजरेत मुरायला महिना-दीड महिना पुरणारा नव्हता.

वेगातल्या थोड्या फरकानं नुकसान एवढं का वाढतं, हेही पाहायला हवं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शंभराऐवजी एकशे तीसचा झोत आला तर वेग तीस टक्के वाढला, पण झाडावरचा रेटा जवळपास सत्तर टक्क्यांनी. शंभरला तग धरलेलं झाड एकशे तीसला उभं राहील अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही.

आता झाडाच्या बुंध्याशी येऊ, कारण आतल्या भागात वाऱ्यानं होणारं नुकसान हे बहुतांशी झाडांचंच नुकसान असतं. मोठ्या ओकची मुळं खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात. वरच्या दोन-तीन फुटांत त्यांची एक रुंद थाळी तयार होते आणि त्या थाळीवरच्या मातीची पकड हाच झाडाचा आधार असतो. माती कोरडी असली तर फांद्या मोडतात, झाड उभं राहतं. हेलीन येण्याच्या आदल्या दिवसापासूनच या प्रदेशावर मुसळधार पाऊस सुरू झाला होता. जॉर्जियाची तांबडी चिकणमाती पाण्यानं फुगून मऊ झालेली होती. त्यात सप्टेंबर महिना, झाडं पानांनी गच्च भरलेली. प्रत्येक पान वारा अडवतं. झोत आला की झाड एका बाजूला झुकतं, दुसऱ्या बाजूची माती चिरते, त्या चिरेत पाणी शिरतं, झाड परत येतं, पुन्हा झुकतं. असं काही वेळा झालं की अख्खी थाळी मातीसकट उभी राहते आणि झाड आडवं होतं. पाइनची झाडं बऱ्याचदा मध्येच मोडतात, ओक असे मुळासकट जातात. ओक पडतो तेव्हा घराचं छप्पर त्याला थोपवू शकत नाही.

हेलीननं अमेरिकेत जवळपास अडीचशे माणसं गेली. 2005 च्या कतरिनानंतर मुख्य भूमीवर एवढे बळी कोणत्याही हरिकेननं घेतले नव्हते. जगानं पाहिला तो नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलचा पूर, आणि तो होताच तेवढा भयंकर. पण साठहून अधिक माणसं थेट वाऱ्यानं मेली, बहुतेक झाड अंगावर किंवा घरावर पडून, आणि त्यातली कितीतरी किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत. मला हे वाचून आजही अस्वस्थ व्हायला होतं. कारण पुराच्या पाण्यापासून पळायला वरची जागा तरी असते. झाडाखालच्या खोलीत झोपलेल्या माणसाला दुसऱ्या खोलीत जाऊन झोपणं एवढंच करायचं होतं, आणि तेवढंच कोणी ठासून सांगितलं नव्हतं.

जुन्या वादळांशी तुलना

या भागात आतल्या वाऱ्याचं मापदंड म्हणून एकच नाव निघतं, ह्युगो. 22 सप्टेंबर 1989 ला मध्यरात्रीनंतर ते साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनजवळ धडकलं, ताशी 225 किलोमीटरच्या वाऱ्यानिशी, म्हणजे हेलीनइतक्याच. तेही वेगानं आत धावलं. सुमारे तीनशे किलोमीटर आतल्या शार्लट शहरात पहाटे ताशी 140 किलोमीटरचा झोत नोंदला गेला. शहरातली 80 हजारांच्या आसपास झाडं गेली, काही भागांत वीज यायला आठवडे लागले. तेव्हाही शार्लटच्या लोकांना वाटत होतं की हरिकेन हा किनाऱ्याचा विषय आहे.

शार्लट 140, ऑगस्टा 132. दोन्ही वादळं किनाऱ्यावर सारख्या ताकदीची, दोन्ही धावणारी, दोन्ही रात्री आलेली. 35 वर्षांच्या अंतरानं दोन शहरांनी जवळपास एकच अनुभव घेतला. ही तुलना मला सर्वांत बोलकी वाटते. हेलीन 'न भूतो' नव्हतं याचा पुरावा ती आहे. ज्याला ह्युगोची नोंद ठाऊक होती त्याला ऑगस्टात काय होऊ शकतं हे आधीच कळायला हवं होतं. पण आठवण शार्लटची होती आणि वारा ऑगस्टात आला.

आठवण उलटही घात करते. ऑक्टोबर 2018 मध्ये मायकल हे हरिकेन फ्लोरिडात मेक्सिको बीचवर ताशी 257 किलोमीटरच्या वाऱ्यानिशी धडकलं, श्रेणी पाच. जॉर्जियात शिरताना ते अजून श्रेणी तीनचं होतं, 1898 नंतर असं पहिल्यांदाच घडलं. किनाऱ्यावरचा आकडा पाहिला तर मायकल हेलीनपेक्षा वरचढ. पण त्याचा मारा जॉर्जियाच्या नैऋत्य कोपऱ्यात जास्त बसला. हेलीन राज्याच्या दक्षिण टोकातून शिरून उत्तरेपर्यंत गेलं, आणि रुंदीलाही मोठं होतं. मायकलनं जॉर्जियाच्या शेतीचं नुकसान सुमारे अडीच अब्ज डॉलर केलं, हेलीनचं शेती आणि वनांचं मिळून साडेपाच अब्जांच्या घरात गेलं. पेकान या अक्रोडासारख्या फळाच्या बागा दोन्ही वेळी झोपल्या. पेकानचं झाड नीट उत्पन्नाला यायला सात-आठ वर्षं तरी लागतात, म्हणजे मायकलनंतर नव्यानं लावलेली झाडं हेलीनच्या वेळी जेमतेम फळं धरू लागलेली असणार.

व्हाल्डोस्टा या दक्षिण जॉर्जियातल्या गावाची गोष्ट वेगळी. ऑगस्ट 2023 मध्ये इडालिया, ऑगस्ट 2024 मध्ये डेबी, आणि सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन: तेरा महिन्यांत तीन हरिकेनं फ्लोरिडाच्या त्याच बिग बेंड किनाऱ्यावर चढली आणि तिन्हींची झळ या गावाला लागली. अशा ठिकाणी 'मागच्या वेळेपेक्षा जास्त की कमी' हा प्रश्न विचारतानाच अडचण येते. इडालियात कमकुवत झाडं आधीच पडून गेलेली, जी उरली त्यांची मुळं हललेली, काही छपरं डागडुजी केलेली, काहींवर अजून ताडपत्री. तोच वारा दोन वेळा आला तरी त्याला भेटणारं गाव तेच नसतं.

वादळाचं हरिकेनपण संपल्यावरही वारा मारू शकतो, याचं उदाहरण 2008 च्या आइकचं. ते टेक्सासमध्ये धडकलं, आणि दुसऱ्या दिवशी, 14 सप्टेंबरला, हजाराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून त्याचे अवशेष ओहायोत पोचले. तिथे कोलंबस शहरात ताशी 120 किलोमीटरचे झोत, पाऊस जवळपास नाहीच. हवामानाच्या दुसऱ्या एका प्रणालीत मिसळून त्या अवशेषांना नवा जोर मिळाला होता. वर सांगितलेलं सूत्र अशा वादळाला लागू पडत नाही.

तुलना करताना मोजमापाचं भानही हवं. वारा मोजणारी चांगली यंत्रं बहुधा विमानतळांवर, मोकळ्या जागी असतात. दोन यंत्रांमध्ये पन्नास-साठ किलोमीटर अंतर असू शकतं. वीज गेली की काही यंत्रं ऐन वेळी बंद पडतात. वादळात शिरून मोजणी करणारी विमानं जमिनीवर आलेल्या वादळात ते काम सहसा करत नाहीत. रडारची किरणं जसजशी दूर जातात तसतशी उंच होत जातात, त्यामुळे दूरच्या गावाचा वारा रडारला कित्येकशे मीटर उंचीवरचा दिसतो. म्हणून 'सर्वांत मोठा नोंदलेला झोत' हा 'सर्वांत मोठा झोत' नसतो. 1989 मध्ये यंत्रं याहूनही कमी होती. ह्युगो आणि हेलीनच्या आकड्यांत आठ किलोमीटरचा फरक आहे म्हणून ह्युगो मोठं, असं कोणी म्हणू लागलं तर त्याला इथेच थांबवावं.

तापमानवाढीचा संबंध विचारला जातोच. जपानमधल्या ओकिनावा इथले लिन ली आणि पिनाकी चक्रवर्ती यांनी 2020 मध्ये मांडलं की पन्नासेक वर्षांपूर्वी हरिकेन जमिनीवर पहिल्या दिवसात जवळपास तीनचतुर्थांश ताकद गमावत असे, आता निम्मीच गमावतं. गरम समुद्रावरून जास्त वाफ बरोबर घेऊन येत असल्यामुळे ते उशिरा थंडावतं, असं त्यांचं म्हणणं. इतर संशोधकांनी या निष्कर्षावर आक्षेपही घेतले आहेत. हेलीन एकटं घेतलं तर सूत्रापेक्षा जलदच उतरलं, पण एका वादळावरून हा वाद कोणत्याच बाजूनं मिटत नाही.

हेलीनच्या वाऱ्याचा परिणाम सप्टेंबरमध्ये संपला नाही, आणि कोणत्याही अंदाजात किंवा तुलनेत हा भाग सहसा धरला जात नाही. नॉर्थ कॅरोलायनात आठ लाखांहून अधिक एकर वनाचं नुकसान झालं होतं. डोंगरउतारांवर आडवी पडलेली झाडं हिवाळाभर तशीच वाळत राहिली. मार्च 2025 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या पोक परगण्यात आणि सीमेपलीकडे साउथ कॅरोलायनातल्या टेबल रॉक डोंगराभोवती वणवे पेटले, तेव्हा त्यांना सरपण मिळालं ते याच लाकडाचं. पडलेल्या ओंडक्यांनी रस्ते आणि पायवाटा अडवलेल्या असल्यामुळे आग विझवणाऱ्यांना वरपर्यंत पोचणंही अवघड झालं, आणि वाऱ्यातून वाचलेल्या कुटुंबांपैकी काहींना सहा महिन्यांच्या आत पुन्हा घर सोडून निघावं लागलं.